‘ताई गुगल करून लेख पाडतायत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या इंग्लिश टीचर या बँडची ओळख करून देणारा लेख टाकला होता, त्यात त्यांना ‘इंडी’ (म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र) आणि ‘उगवता’ बँड म्हटलं होतं. त्याखाली ‘जुना रॉकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आलीये. सगळ्यांनी वाचली नसेल म्हणून आधी ती सांगते. पहिलं वाक्य असं: “आयलंड रेकॉर्ड्ससारख्या मेजर लेबलवरचा बँड इंडी नसतो एवढंही माहीत नसताना ताई गुगल करून लेख पाडतायत.” (मेजर लेबल म्हणजे बडी रेकॉर्ड कंपनी.) पुढे तीन हसणारे चेहरे. मग ड्रमरचं नाव चुकलंय, मर्क्युरी प्राइझ (वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं तिकडचं मानाचं बक्षीस) मिळालेल्या बँडला ‘उगवता’ म्हणणं हास्यास्पद आहे, गाण्यांच्या रचनेवर आणि रेकॉर्डिंगवर एक ओळ नाही, आणि शेवटी, “इचलकरंजीत बसून लीड्सच्या पोरांवर लिहिण्यापेक्षा आपल्या पोरांवर लिहा.”

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. नवरा म्हणाला सोडून दे, मैत्रीण म्हणाली डिलीट कर. पण मला ते जमत नाही, कारण हा बँड मला मनापासून आवडतो आणि तो लेख मी तीन रात्री जागून लिहिलाय, मुलाचा अभ्यास घेऊन, जेवणं उरकून, अकरा वाजल्यानंतर.

तर आधी चूक कबूल करते, कारण चूक ती चूकच. मी निकोलस ईडनला ड्रमर लिहिलं होतं. तो बेस वाजवतो, ड्रम्सवर डग्लस फ्रॉस्ट आहे, गिटारवर लुईस व्हायटिंग आणि गायला लिली फॉन्टेन. लेखात दुरुस्ती केलीये. त्याबद्दल तुमचे आभार, आणि हे मी खरंच मनापासून म्हणतेय.

पण ‘पाडतायत’? लेख काय जिलब्या आहेत का पाडायला? आणि ते ‘ताई’. आमच्याकडे ताई म्हणतात तेव्हा त्यात माया असते, निदान मान तरी असतो. तुम्ही ज्या सुरात ताई म्हणालात तो सूर मला चांगला ओळखता येतो, वीस वर्षं आयटीत काढलीयेत मी. मीटिंगमध्ये एखाद्या बाईने टेक्निकल मुद्दा काढला की समोरचा असंच हसून ‘मॅडम’ म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. चूक दाखवायला हसणारे तीन चेहरे लागत नाहीत, ‘ड्रमरचं नाव तपासा’ एवढं पुरलं असतं. एखाद्याने माझा लेख वाचून ‘मला हे पटलं नाही’ म्हटलं तर मी त्याच्याशी रात्रभर वाद घालीन, चहासुद्धा करून देईन, पण लिहिणाऱ्या माणसाला आधी लहान करायचं आणि मग मुद्दा मांडायचा ही कुठली रीत?

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते, कारण ते सगळ्यात जास्त लागलंय आणि ते चूकही आहे.

आयलंड हे युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या मालकीचं लेबल आहे हे मला माहितीये. क्रिस ब्लॅकवेलने ते १९५९ मध्ये जमैकात सुरू केलं, १९८९ मध्ये पॉलिग्रामला विकलं, आणि पुढे पॉलिग्रामच युनिव्हर्सलमध्ये गेलं. हे मी लेखात लिहिलं नाही कारण माझा लेख कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर नव्हता. पण तुम्हाला वाटतं की इंडी म्हणजे फक्त कॉन्ट्रॅक्टवर कुणाची सही आहे ते, तर मग जरा माझ्याबरोबर मागे चला.

१९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसने घेतलेल्या सुमारे पाचशे पाउंडांत स्वतःची चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, स्वतःचंच लेबल बनवून. कुणाच्या दारात न जाता आपली रेकॉर्ड आपण काढता येते हे इतर पोरांना त्यातून दिसलं आणि तिथून इंग्लंडभर छोट्या लेबलांची रांग लागली. जेफ ट्रॅव्हिसचं रफ ट्रेड हे लंडनमधलं दुकान १९७६ चं, त्याचंच १९७८ मध्ये लेबल झालं, त्याच वर्षी मँचेस्टरला फॅक्टरी रेकॉर्ड्स. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, तेव्हा इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र लेबल, बस. जानेवारी १९८० मध्ये इंडी चार्ट, म्हणजे इंडी रेकॉर्डच्या खपाची क्रमवारी, सुरू झाला त्याचा नियमही तसाच होता, रेकॉर्ड मोठ्या कंपनीच्या वितरणातून गेलेली नसली की झाली इंडी, मग संगीत कसलंही असो.

आणि त्या नियमाचं पुढे काय झालं ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच इंडी चार्टच्या वरच्या टोकाला काइली मिनोग ही चकचकीत पॉप गायिका होती! कारण तिचं पीडब्ल्यूएल हे लेबल स्वतंत्र वितरणातून जात होतं. आता सांगा, काइली मिनोग इंडी? तुमच्या व्याख्येने हो. आणखी सांगते, गायिका ॲडेलचे पहिले तीन अल्बम ब्रिटनमध्ये एक्सएल रेकॉर्डिंग्जवर आले, ते स्वतंत्र लेबल आहे, त्यातला दुसरा जगभरात तीन कोटींच्या आसपास विकला गेला, म्हणजे ॲडेलही इंडी. आणि ओएसिस हा बँड? त्यांच्या क्रिएशन रेकॉर्ड्स या लेबलचा ४९ टक्के हिस्सा १९९२ मध्येच सोनीने घेतला होता आणि ओएसिसचं पहिलं सिंगल आलं १९९४ मध्ये. म्हणजे निम्मी सोनीची कंपनी. पण तुमच्यासारखे जुने रॉकर ओएसिसला इंडीच म्हणतात, मी स्वतः कॉलेजात त्यांच्या तोंडून ऐकलंय.

आणि एवढं लांब कशाला जायचं, आयलंडवरच थांबू. शेफील्डचा पल्प बँड. १९७८ पासून छोट्या लेबलांवर, रिकाम्या हॉलमध्ये, वर्षानुवर्षं कुणी विचारत नसताना वाजवत राहिलेला. त्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम १९९५ मध्ये कुठल्या लेबलवर आला? आयलंड. १९९६ मध्ये त्याला कुठलं बक्षीस मिळालं? मर्क्युरी. यॉर्कशायरचा बँड (लीड्सही यॉर्कशायरमध्येच), आयलंडचं लेबल, मर्क्युरीचा मान, तंतोतंत इंग्लिश टीचरसारखं. पल्पला इंडी म्हणायचं नाही असं एकदा लिहून दाखवा, मग मी माझ्या लेखातला शब्द बदलीन.

माझ्यासाठी इंडी म्हणजे बँड कुठून वर आला आणि अजून कुणाच्या भाषेत बोलतो ते. ही चार मुलं लीड्सच्या म्युझिक कॉलेजात भेटली, आधी फ्रँक नावाने ड्रीम पॉप वाजवायची, मग नाव बदललं, पोत बदलला. पहिली सिंगल्स आणि २०२२ चा ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) नाइस स्वान या छोट्या लेबलवर आला. आयलंड त्यानंतर. पहिला अल्बम एप्रिल २०२४ मध्ये आणि सप्टेंबरमध्ये त्यालाच मर्क्युरी. २०१४ मध्ये एडिनबराच्या यंग फादर्सना मिळालं होतं, त्यानंतर थेट दहा वर्षांनी लंडनबाहेरच्या कुणाला तरी. दहा वर्षं! मधली सगळी बक्षिसं एकाच शहरात. मर्क्युरीचे पंचवीस हजार पाउंड मिळाले म्हणून कोणी गब्बर होत नाही, चौघांत वाटा, व्हॅनचं भाडं काढा, साउंड इंजिनियरचे द्या, काय उरतं बघा. २०२५ च्या सुरुवातीला लिली फॉन्टेन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जाऊन टूरिंग परवडत नाही हेच सांगून आली. मोठ्या लेबलवरच्या, बक्षीस मिळालेल्या बँडच्या गायिकेला हे सांगावं लागतं. मी त्यांना उगवता म्हटलं ते म्हणून, आणि तो शब्द तसाच ठेवणारे.

आता ‘गुगल करून’.

हे खरं तर मला लिहायचं नव्हतं, मिरवल्यासारखं दिसतं. पण तुम्ही तेच काढलंत तर ऐका. २००९ ते २०११ मी लीड्समध्ये राहिलेय. कंपनीने प्रोजेक्टवर पाठवलं होतं, हाइड पार्क भागात, लाल विटांच्या एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा असतात ना, त्यातल्या एका घरात वरची खोली. नोव्हेंबरमध्ये चार वाजता अंधार, ऑफिसात जेवायला कुणी बोलवायचं नाही, पहिले चार महिने मी संध्याकाळी घरी येऊन फक्त आईला फोन करायचे. मग शेजारच्या खोलीतल्या मुलीने एकदा ओढून नेलं, ब्रुडनेल सोशल क्लबला. बाहेरून बघाल तर आपल्याकडचं एखाद्या पतसंस्थेचं ऑफिस वाटेल, बसकी इमारत, समोर पार्किंग. १९१३ चा कामगारांचा क्लब आहे तो. एका बाजूला म्हातारी माणसं स्नूकर खेळत बसलेली आणि दुसऱ्या खोलीत तीसेक माणसांसमोर एक बँड जीव तोडून वाजवतोय. वाजवून झाल्यावर तेच चौघे स्वतःचे अँप उचलून व्हॅनमध्ये भरतात आणि परत येऊन तुमच्या शेजारी उभे राहून बिअर पितात. त्या रात्रीपासून पुढची दीड वर्षं मी तिथे आठवड्यातून एकदा तरी गेले. बहुतेक बँडची नावंही आता आठवत नाहीत, ते बुडाले, नोकऱ्यांना लागले. पण असला बँड कसा उभा राहतो हे मी त्या खोलीत बघितलंय, स्क्रीनवर नाही.

इंग्लिश टीचर तेव्हा नव्हतेच, ही मुलं शाळेत असतील, तेव्हा त्यांना मी तिथे बघितलं असा दावा मी करत नाही आणि लेखातही केला नव्हता. पण ते कुठल्या मातीतले आहेत ते मला कळतं. अशा छोट्या जागांची संघटना आहे तिकडे, म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट, तिच्या हिशोबाने एकट्या २०२३ मध्ये १२५ जागा एकतर बंद पडल्या किंवा तिथलं लाइव्ह संगीत थांबलं. हा आकडा मी वाचला तेव्हा मला ब्रुडनेलचं ते ओलं कार्पेट आठवलं. गुगलला ते आठवत नाही.

आणि लिलीचं गाव. कोल्न, लँकाशायरमधलं. तुम्हाला माहीत असेल नसेल, ते कापडाचं गाव होतं. २०१० च्या उन्हाळ्यात एका रविवारी मी तिथे गेले होते, तेव्हा बँडबिंड काही डोक्यात नव्हतं, मला माग बघायचे होते. लीड्सहून स्किप्टनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, कारण स्किप्टन ते कोल्न रेल्वे १९७० मध्येच बंद झालीये. कोल्नचा मेन रोड म्हणजे अल्बर्ट रोड, त्यावरून मी चालत गेले, निम्मी दुकानं बंद, चढ-उतार, मागे डोंगर. त्या रस्त्यावर वॉलेस हार्टलीचा अर्धपुतळा आहे, टायटॅनिक बुडेपर्यंत वाजवत राहिलेल्या बँडचा प्रमुख, तो त्याच गावचा. चौदा वर्षांनी इंग्लिश टीचरच्या अल्बमचं शेवटचं गाणं त्याच रस्त्याच्या नावाचं निघालं, तेव्हा मी इथे स्वयंपाकघरात हातातलं लाटणं ठेवून उभी राहिले होते.

तिथून जवळच बर्नलीला क्वीन स्ट्रीट मिल आहे, वाफेच्या इंजिनावर चालणारी, १८९५ च्या सुमाराची. १९८२ मध्ये धंदा बंद झाला आणि मग म्युझियम झालं. आत तीनशेच्या वर माग. त्यांनी दाखवायला म्हणून त्यातले थोडे चालू केले आणि मला रडू फुटलं, बरोबरचे गोरे म्हातारा-म्हातारी घाबरले, विचारायला लागले बरं वाटत नाही का म्हणून. अहो, माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आमच्या घराची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. मी त्या खटखटाटात झोपलेय, त्यातच दहावीचा अभ्यास केलाय, आणि लाइट गेली की शांततेने जाग यायची. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि ते खरं मँचेस्टर आणि त्याच्या आजूबाजूची ही गावं आता अशी झालीयेत. म्युझियममधल्या बाईने सांगितलं की आवाजात ऐकू येत नसल्यामुळे विणकर बायका ओठ वाचून बोलायच्या. माझे वडीलही तसंच बोलायचे, कारखान्याच्या या टोकाकडून त्या टोकाला, धोटा अडकला, बीम बदल, सगळं हाताने आणि तोंडाच्या हालचालीने. घरी आल्यावरसुद्धा शब्द सुटे सुटे, नीट तोडून बोलायचे. लिली फॉन्टेन निम्मं गाते आणि निम्मं बोलते, एकेक शब्द तसाच सुटा करून. आता त्याचं कारण माग आहेत असं मी म्हणत नाही, हल्ली तिकडचे कितीतरी बँड तसं गातात. पण मला ते ऐकताना काय होतं ते मी लिहिलं. ते गुगलवर मिळालं तर मला लिंक पाठवा.

तुम्ही इचलकरंजी हा शब्द असा वापरलात की जणू माझी पात्रता तिथेच संपली. जगात कोल्नमधल्या पोरीची गाणी कळण्याचा हक्क कुणाला असेल तर तो इचलकरंजीच्या माणसाला आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो नंतर.

याच बँडचं एक सुरुवातीचं गाणं आहे, २०२१ चं, नाव ‘आर अँड बी’, म्हणजे रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीय गायकांचा म्हणून ओळखला जाणारा गाण्याचा प्रकार. लिली मिश्र वंशाची आहे, तर तिचा चेहरा बघून लोक धरूनच चालायचे की ही आर अँड बी गात असणार, गिटारच्या बँडपुढे उभी राहिलेली ती त्यांना चालायची नाही. त्यावर तिने हे गाणं केलं. आता तुम्ही काय केलंत ते बघा. माझा पत्ता बघितलात, बाई आहे हे बघितलंत, आणि मी कशावर लिहायचं ते ठरवून मोकळे झालात. तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात हो? ज्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत त्याच लेखात मी या गाण्यावर अख्खा परिच्छेद लिहिलाय. तो वाचलात की ड्रमरचं नाव सापडल्यावर थांबलात?

‘आपल्या पोरांवर लिहा’, लिहीन ना, कोण नाही म्हणतंय. पण हे आपलं-परकं गाण्यात कुठून आणलंत? लेस्टरच्या कॉर्नरशॉप या इंडी बँडच्या तजिंदर सिंगने आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताईंवर गाणं केलं, त्याचं रीमिक्स १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. त्याला तिकडे कुणी म्हटलं का, की लेस्टरमध्ये बसून सांगलीच्या बाईवर कशाला लिहितोस? आमच्या गल्लीत ते गाणं गणपतीत वाजलंय, कुणाला माहीतही नव्हतं कुणाचं आहे, फक्त ‘आशा’ ऐकू येतंय म्हणून पोरं नाचत होती.

राहिला गाण्यांच्या रचनेचा आणि रेकॉर्डिंगचा मुद्दा. अल्बमची निर्मिती मार्टा सालोग्नीने केलीये, तालाची मात्रा मध्येच बदलते, पियानो येतो, चेलो येतो, हे सगळं मला ऐकू येतं. पण ज्याने बँडचं नावही ऐकलेलं नाही त्याला पहिल्याच लेखात मात्रा मोजून दाखवायच्या नसतात, त्याला गाणं लावून द्यायचं असतं. ज्यांना ते हवंय त्यांनी ते लिहावं. तुम्हीच लिहा ना, एवढं माहितीये तर. मी वाचीन, आणि त्यात काही चुकलं तर चूक सांगीन, तुमच्या वयाची आणि गावाची चौकशी न करता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही, ती आहे तशी खाली राहील. ड्रमरच्या जागी डग्लस फ्रॉस्ट केलंय. ‘इंडी’ तसंच आहे. आणि यापुढे ताई म्हणायचं असेल तर तो सूर बदलून म्हणा, नाहीतर सरळ नावाने हाक मारा, लेखावर माझं नाव आहे. तुमच्या प्रतिक्रियेवर तुमचं नाही.